अर्थशास्त्राच्या एम.ए.चा अर्ज अकरावीतच भरला जातो

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की आपल्या दैनिकाच्या सांगली आवृत्तीत दरवर्षी प्रवेशांची पुरवणी निघते. ती मी नेमाने वाचते, कारण तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले तरी जून महिना आला की हात आपोआप माहितीपुस्तकांकडे जातो. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, आयटीआय, पोलीस भरती यांची सविस्तर माहिती त्या पुरवणीत असते आणि ती असायलाच हवी. अर्थशास्त्र मात्र ‘कला शाखेनंतर काय?’ या चौकटीत ‘स्पर्धा परीक्षांसाठी उपयुक्त विषय’ एवढ्या चार शब्दांत उरकलेले असते. या विषयात पुढे शिकायचे म्हणजे काय, त्यासाठी कोठे व कसा अर्ज करायचा, आणि मुख्य म्हणजे अर्ज करण्याची पात्रता कोणत्या वर्षी हातातून निसटते, याबद्दल एक ओळही नसते. म्हणून हे पत्र लिहीत आहे. लांबले तर काटछाट करण्याचा अधिकार आपला आहेच. फक्त गणिताविषयीचा मजकूर तेवढा ठेवावा, ही विनंती.

पात्रता निसटते ती अकरावीत. पंधरा-सोळा वर्षांचे मूल कला शाखा घेते, त्याच दिवशी त्याचे गणित सुटते आणि गणित सुटल्याचा आनंदच घरात साजरा होतो. पुढे बी.ए.ला ते अर्थशास्त्र घेते, मन लावून शिकते, पहिल्या वर्गात येते आणि तिसऱ्या वर्षी कोणाकडून तरी दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे किंवा गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे नाव ऐकून अर्जाची माहिती काढू लागते. तेथे त्याला कळते की काही संस्थांत बारावीला गणित असण्याची अटच आहे, आणि जेथे तशी अट नाही तेथे प्रवेश परीक्षेत गणित व संख्याशास्त्र समोर उभे राहते. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी जी परीक्षा होते, तिचा एक पेपर जवळजवळ पूर्णपणे गणिताचा असतो. पाच वर्षांपूर्वी सोडलेला विषय पाच महिन्यांत परत आणता येत नाही, हे मी अनेक हुशार मुलांच्या बाबतीत पाहिले आहे.

वास्तविक राज्य मंडळाने कला शाखेला गणिताचे दार कधीच बंद केलेले नाही. बालभारतीच्या अकरावी-बारावीच्या गणिताच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच ‘आर्ट्स अँड सायन्स’ असे छापलेले आहे, आणि त्यातही ‘आर्ट्स’ आधी आहे. पण कनिष्ठ महाविद्यालयाच्या खिडकीवर विचारा, उत्तर ठरलेले असते: ‘आर्ट्सला गणित नाही, टाइमटेबलात बसत नाही.’ चार वर्षांपूर्वी माझ्या शेजारच्या मुलीसोबत मी स्वतः अशा एका खिडकीवर उभी होते. महाविद्यालयाचे नाव देण्यात अर्थ नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चालते. विज्ञान शाखेचा गणिताचा तास भूगोलाच्या तासाच्या वेळी येतो, एवढेच कारण होते. ते दूर करायला एका शिक्षकाची नेमणूकही करावी लागली नसती. मुलीने शेवटी इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र घेतले. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, तरी अर्ज भरणारे मूल महाविद्यालयांचे पसंतिक्रम टाकते. कोणता विषय सोडल्याने पुढे कोणते दार लागते, हे त्या अर्जात कोठेच लिहिलेले नसते.

गणिताचा अर्थशास्त्राशी एवढा काय संबंध, असा प्रश्न पालक विचारतात, आणि खोटे कशाला सांगू, काही प्राध्यापकही विचारतात. गेल्या हिवाळ्यात मिरज तालुक्यातील एक विद्यार्थिनी माझ्याकडे तयारीसाठी येत असे. सीमांत उपयोगितेची, म्हणजे आणखी एक नग घेतल्याने मिळणाऱ्या जादा समाधानाची, व्याख्या तिला मुखोद्गत होती, सारखेच समाधान देणारे वस्तूंचे संच दाखवणाऱ्या समवृत्ती वक्राची आकृती ती डोळे मिटून काढत असे. मी तिला एक साधे उदाहरण घातले. ग्राहकाजवळ १२० रुपये आहेत, एका वस्तूची किंमत २ रुपये आणि दुसरीची ३ रुपये, आणि त्याची उपयोगिता म्हणजे दोन्ही वस्तूंच्या नगसंख्यांचा गुणाकार. तर त्याने प्रत्येक वस्तूचे किती नग घ्यावेत? तिने वहीत तक्ता आखला. पहिलीचे २७ आणि दुसरीचे २२ घेतले तर गुणाकार ५९४. पहिलीचे ३३ आणि दुसरीचे १८ घेतले तरी ५९४. मधे ३० आणि २० घेतले तर ६००. उत्तर अगदी बरोबर होते, आणि ते तिने स्वतःच्या बुद्धीने शोधले होते, याचे मला मनापासून कौतुक वाटले. पण त्याला चार मिनिटे लागली होती. केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी होणाऱ्या सीयूईटी-पीजी परीक्षेत २०२५ मध्ये ९० मिनिटांत ७५ प्रश्न होते, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. आणि बरोबर उत्तराला चार गुण असले तरी चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा होतो. ज्याला विकलन (डिफरन्सिएशन) येते किंवा अशा गुणाकाराच्या सूत्रात पैसे दोन वस्तूंवर निम्मे-निम्मे खर्च होतात हे ज्याने एकदा करून पाहिले आहे, तो वीस सेकंदांत पुढच्या प्रश्नावर जातो. तिच्यात आणि त्याच्यात अंतर होते ते अकरावीतल्या त्या एका तासाचे.

याच परीक्षेची दुसरी अडचण भाषेची आहे. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशाची सीयूईटी मराठीसह १३ भाषांत देता येते. पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा मात्र इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषांत असते. बारावीनंतर मराठीत परीक्षा देता येईल आणि तीन वर्षे मराठीतून अर्थशास्त्र शिकल्यानंतर येणार नाही, यामागचा विचार मला उमगलेला नाही. हिंदी आपल्याला समजते, असे म्हणून हा मुद्दा झटकला जातो. पण बाजारातली हिंदी वेगळी आणि प्रश्नपत्रिकेतली हिंदी वेगळी. आपण ‘मागणीची लवचिकता’ शिकवतो, तेथे ‘माँग की लोच’ असते. आपली चलनवाढ तेथे ‘मुद्रास्फीति’ होते, पुरवठा ‘पूर्ति’ होतो आणि घसारा ‘मूल्यह्रास’ होतो. ७२ सेकंदांपैकी वीस सेकंद शब्द ओळखण्यातच जातात. त्यामुळे मुलांना मी इंग्रजीच निवडायला सांगते, आणि बी.ए.च्या पहिल्या वर्षापासून वहीच्या डाव्या पानावर मराठी व उजव्या पानावर इंग्रजी संज्ञा लिहायला लावते. मराठीतून शिकण्याला माझा विरोध आहे, असा अर्थ कोणी काढू नये. सत्तर-ऐंशी मुलांच्या वर्गाला विषय खऱ्या अर्थाने कळायचा असेल, तर तो मराठीतूनच शिकवावा लागतो. आपल्या खासदारांनी या परीक्षेत मराठीचा पर्याय मागावा, असे मला वाटते. तो मिळेपर्यंत वहीची दोन पाने हाच उपाय आहे.

अर्जाच्या तारखांविषयीही लिहायला हवे. सीयूईटी-पीजीचे अर्ज अलीकडे डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास भरले जातात आणि परीक्षा मार्चच्या आसपास होते, म्हणजे आपली मुले सत्र परीक्षांत आणि रानातल्या कामांत गुंतलेली असतात तेव्हा. बहुतेकांना वाटते की एम.ए.चा अर्ज बी.ए.चा निकाल लागल्यावर भरायचा असतो. दुसरी गल्लत त्याहून महागात पडते. ही परीक्षा फक्त गुण देते, प्रवेश देत नाही. त्या गुणांच्या आधारे प्रत्येक विद्यापीठाकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते आणि तिचे शुल्कही वेगळे भरावे लागते. वर सांगितलेल्या माझ्या विद्यार्थिनीच्या आदल्या वर्षीचा एक मुलगा परीक्षेत चांगले गुण मिळवून ‘यादी कधी लागणार’ याची वाट पाहत बसला. यादी लागली, पण तिच्यात त्याचे नाव असण्याचे कारणच नव्हते, कारण विद्यापीठाच्या नोंदणीची मुदत तीन आठवड्यांपूर्वी संपली होती. त्याचे वडील मला म्हणाले, ‘बाई, आम्हाला वाटलं पोरगं नापास झालं.’

शिफारसपत्र हा आणखी एक चमत्कारिक प्रकार. देशातल्या बहुतेक प्रवेश परीक्षांना त्याची गरज लागत नाही, पण काही खासगी विद्यापीठे आणि परदेशातली जवळजवळ सगळी विद्यापीठे दोन किंवा तीन शिफारसपत्रे मागतात. आपल्याकडे शिफारसपत्र म्हणजे चारित्र्याचा दाखला, अशी समजूत पक्की आहे: ‘सदर विद्यार्थिनी सुशील, आज्ञाधारक व कष्टाळू असून तिच्या उज्ज्वल भवितव्यास शुभेच्छा.’ त्याहून वाईट म्हणजे, ‘तूच लिहून आण, मी सही करतो,’ असे सांगणारे शिक्षक. माझ्या विद्यार्थिनीला हेच ऐकावे लागले. मुलीने स्वतःबद्दल काय लिहावे, कितपत स्तुती करावी, या संकोचात दोन रात्री घालवल्या आणि अखेर ‘आज्ञाधारक’ हाच शब्द लिहिला. निवड समितीला आज्ञाधारकपणाशी कर्तव्य नसते. या मुलीने कोणता प्रश्न विचारला, कोणत्या निबंधात स्वतःचा विचार मांडला, वर्गातल्या इतरांच्या तुलनेत ती कोठे बसते, हे तिला शिकवलेल्या माणसाकडून समितीला हवे असते. साताऱ्याच्या सरकारी शाळेत १९०० साली ज्यांचे नाव दाखल झाले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून एम.ए. केले आणि पुढच्या वर्षी ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले, तेव्हा कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी त्यांच्याविषयी लंडनच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना लिहिले होते. आपल्या विद्यार्थ्यासाठी समुद्रापलीकडच्या सहकाऱ्याला स्वतः पत्र लिहिणे हे तेव्हाही शिक्षकाचे काम मानले जात होते. आज तर ते संगणकावर अर्ध्या तासात होते.

परदेशी अर्जासोबत ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’, म्हणजे मुले ज्याला एसओपी म्हणतात ते निवेदन, जोडावे लागते. माझ्या विद्यार्थिनीने ते आधी इंटरनेटवरच्या नमुन्यावरून लिहिले होते. ‘बालपणापासूनच मला अर्थशास्त्राची ओढ होती,’ अशी त्याची सुरुवात होती. बालपणापासून अर्थशास्त्राची ओढ असलेले मूल मी तरी अजून पाहिलेले नाही. मी कागद बाजूला ठेवला आणि तिला विचारले, वडील हळद कधी विकतात? मग अर्धा तास ती बोलत होती. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून झाली की वडील आणि चुलते यांच्यात दरवर्षी तोच वाद होतो: आत्ताच मार्केट यार्डात सौद्याला काढायची की थांबायचे? तिच्या आजोबांची हळद हरिपूरच्या पेवांत असे. जमिनीत खोल खणलेली, अरुंद तोंडाची ती पेवे बंद केली की हळद वर्षानुवर्षे टिकायची. २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळशी निकामी झाली. आता गोदामाचे भाडे द्यावे लागते आणि हात अडला तर त्याच मालावर तारण कर्ज घ्यावे लागते. क्विंटलला दहा हजार रुपये भाव धरला आणि उसनवारीचे व्याज महिना शेकडा एक धरले, तर सहा महिने थांबण्याची किंमत व्याजापोटीच सहाशे रुपये होते. भाडे आणि वजनातली घट वेगळी. म्हणजे भाव निदान तेवढा चढेल असा भरवसा असेल, तरच थांबण्यात शहाणपण आहे. आणि तो भरवसा लहान शेतकऱ्याला कोण देणार? हे सगळे ती अडतीच्या पट्ट्या डोळ्यांसमोर असल्यासारखे सांगत होती. तुझे निवेदन हेच, असे मी तिला सांगितले. तिचा विश्वास बसेना. हळदीचे विद्यापीठाला काय सांगायचे, अशी तिला लाज वाटत होती.

ही लाज आपणच शिकवतो, आणि ती अज्ञानातून येते. पुण्याची गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये उभी राहिली ती साताऱ्याचे रावबहादूर रावजी रामचंद्र काळे यांच्या देणगीतून. त्या संस्थेने सुरुवातीच्या काळात ज्या पाहण्या केल्या, त्यांत वाई तालुक्यातील शेतीच्या जमाखर्चाची पाहणी होती. ती १९४० मध्ये प्रसिद्ध झाली. संस्थेचे संचालक प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ यांना कृष्णाकाठच्या शेतकऱ्याचा हिशेब अर्थशास्त्राचा विषय वाटला. (काळे यांच्या नावाच्या व्याख्यानमालेत १९३९ साली बोलायला आले ते साताऱ्याच्या शाळेत शिकलेले आंबेडकरच, हे जाता जाता नोंदवते.) आपल्या भागाचे या विषयाशी असलेले नाते इतके जुने असताना, येथल्या बी.ए.च्या मुलाला गोखले संस्था पुण्यात नेमकी कोठे आहे हेही ठाऊक नसते.

परदेशाबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण तिच्यावाचून घरे अडचणीत येताना मी पाहिली आहेत. अमेरिकेतील विद्यापीठांत अर्थशास्त्राचे मास्टर्स बहुधा स्वखर्चाने करावे लागते. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला मात्र चांगल्या विद्यापीठांत शुल्कमाफी आणि निर्वाहापुरते विद्यावेतन मिळते, त्याबदल्यात त्याने शिकवण्याचे किंवा संशोधनसाहाय्याचे काम करायचे असते. त्या पीएच.डी.चे अर्ज साधारण डिसेंबरमध्ये बंद होतात, आणि तेथेही निवड समिती प्रथम गणिताचे गुण पाहते. मास्टर्ससाठी जमीन गहाण ठेवणाऱ्या पालकांपैकी निम्म्यांना या दोन वाटांतला फरक माहीत नसतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्या दरवर्षी ७५ जागा असतात. तिची जाहिरातही आपल्या पुरवणीत ठळक यावी.

येथे राहून शिकणे कमी प्रतीचे आहे, असे मला मुळीच सुचवायचे नाही. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाने सांगली, सातारा आणि कोल्हापूरच्या हजारो मुलांना, ज्यांना पुण्याचे वसतिगृह परवडले नसते, अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी दिली आहे. माझी विद्यार्थिनीही यंदा कोल्हापूरला प्रवेश घेत आहे आणि त्याच्या जोडीला बारावीचे गणित नव्याने शिकत आहे. कोल्हापूर तिने पसंतीने निवडले असते तर मला हे पत्र लिहावे लागले नसते. तिच्यापुढे दुसरा पर्यायच उरला नव्हता, आणि ते तिला एकविसाव्या वर्षी कळले.

यासाठी मोठ्या योजनेची गरज नाही. जिल्ह्यातील ज्या कनिष्ठ महाविद्यालयांत कला आणि विज्ञान या दोन्ही शाखा आहेत, त्यांनी गणिताचा तास कला शाखेच्या किमान एका विषयगटाला मोकळा राहील, असे वेळापत्रक यंदा जूनपूर्वी करावे आणि तसा फलक प्रवेशाच्या खिडकीवर लावावा. शिक्षणाधिकाऱ्यांनी अशा महाविद्यालयांची यादी मागवावी. आपल्या दैनिकाने ती प्रवेश पुरवणीत छापावी. ‘कला शाखेनंतर काय?’ या चौकटीची जागा त्यासाठी पुरेशी आहे. बी.ए.ला असलेल्या ज्या मुलांचे गणित आधीच सुटले आहे, त्यांच्यासाठी मी जुलैपासून दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा घरीच वर्ग घेणार आहे. शुल्क नाही. वही मात्र दोन्ही पानांवर लिहिण्याची तयारी हवी.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त अर्थशास्त्र प्राध्यापिका,
विश्रामबाग, सांगली